शुद्धिपत्र आणि प्रमाणपत्र : स्वमग्न व्यक्तींच्या हक्कांच्या भाषेचा विचार

१

कायद्याचा मजकूर हा सामान्यतः वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेबाहेरचा समजला जातो. त्याचा अर्थ न्यायाधीशांनी लावावा, वकिलांनी त्यावर वाद घालावा आणि इतरेजनांनी तो पाळावा, अशी श्रमविभागणी रूढ आहे. परंतु ज्या कायद्याचा विषयच मुळी मनुष्याचे बोलणे, न बोलणे, इतरांशी त्याचे असलेले वा नसलेले नाते हा आहे, तो कायदा भाषेच्या अभ्यासकाला असा परका ठेवता येत नाही. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम हा या प्रकारचा कायदा होय. त्याच्या परिशिष्टात ज्या एकवीस विकलांगता गणल्या आहेत, त्यांत स्वमग्नतेचा समावेश स्वतंत्रपणे झाला आहे. त्यापूर्वीच्या १९९५ च्या अधिनियमात सात विकलांगतांची यादी होती. तीत स्वमग्नतेला जागा नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तिला प्रथम कायद्याच्या भाषेत नाव दिले, परंतु तो कायदा प्रामुख्याने पालकत्वाचा व कल्याणाचा होता. समतेचा आणि भेदभावाविरुद्ध संरक्षणाचा हक्क स्वमग्न व्यक्तीला नावानिशी मिळाला तो २०१६ च्या अधिनियमाने, आणि तो अंमलात आला १९ एप्रिल २०१७ रोजी.

हा हक्क कोणत्या भाषेत दिला गेला आणि ती भाषा मराठी समाजाच्या कोणत्या जुन्या कल्पनांशी जाऊन भिडते, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या तपासणीसाठी त्र्यंबकेश्वर हे क्षेत्र दृष्टीसमोर ठेवले आहे. त्याची कारणे दोन. एक, ज्या भावंडांना समाजाने प्रवेश नाकारला आणि प्रवेशासाठी प्रमाणपत्र आणावयास सांगितले, त्यांतील थोरल्याची, निवृत्तिनाथांची, समाधी येथे आहे. दुसरे, विधी, क्रम आणि पुनरावृत्ती यांवर ज्या गावाचा नित्यव्यवहार उभा आहे, असे हे गाव आहे. आणि कायद्याने स्वमग्नतेची व्याख्या करताना नेमका हाच शब्द, 'विधी', लक्षण म्हणून वापरला आहे.

२

प्रथम परंपरेचा विचार करू. विठ्ठलपंतांनी संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थाश्रम स्वीकारला, त्यामुळे त्यांची मुले 'संन्याशाची पोरे' ठरली; त्यांच्या मुंजी होईनात. परंपरा सांगते की मुलांना तरी समाजात घेतले जावे म्हणून आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त स्वीकारले. तरीही मुलांना प्रवेश मिळाला नाही. त्यांना पैठणच्या ब्रह्मवृंदाकडून शुद्धिपत्र आणावयास सांगण्यात आले. तेथे ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविले आणि मग शुद्धिपत्र मिळाले. या शुद्धिपत्राचा जो मजकूर पुढे प्रचलित झाला, त्याच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांनी शंका घेतली आहे. येथे प्रश्न त्याच्या ऐतिहासिकतेचा नसून कथेच्या रचनेचा आहे.

या कथेत तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, दोष ज्यांच्यावर ठेवला गेला त्यांनी स्वतः काही केलेले नव्हते. दोष जन्माचा होता. दुसरी अशी की, समाजात राहण्याचा अधिकार मूळचा नव्हता, तो लेखी दाखल्याने यावयाचा होता, आणि दाखला देणारे व नाकारणारे एकाच बाजूचे होते. तिसरी, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, अशी की दाखला मिळाला तो वाणीच्या चमत्कारामुळे. जो बोलू शकत नाही असा प्राणी बोलला, म्हणून चार मुलांचे माणूसपण मान्य झाले. भक्तिपरंपरेने या प्रसंगाचा अर्थ सर्वांभूती परमेश्वर असा लावला आहे, आणि तो त्या परंपरेच्या दृष्टीने योग्यच आहे. परंतु कथेचा दुसरा अर्थही तितकाच स्वच्छ आहे : रेडा न बोलता तर काय झाले असते, या प्रश्नाला कथेत उत्तर नाही.

स्वमग्न व्यक्तींपैकी काही जण मुळीच बोलत नाहीत. काही जण ऐकलेलेच शब्द पुन्हा उच्चारतात. काही अस्खलित बोलतात, परंतु संभाषणाचे संकेत त्यांना अवघड जातात. त्यांच्या बाबतीत समाजाची अपेक्षा अजूनही रेड्याचीच आहे. चित्रपटांनी ही अपेक्षा बळकट केली. १९८८ च्या 'रेन मॅन' या अमेरिकन चित्रपटापासून स्वमग्न व्यक्ती म्हणजे गणिताची वा स्मरणशक्तीची विलक्षण देणगी लाभलेली व्यक्ती, अशी प्रतिमा जगभर पसरली. २०१० च्या 'माय नेम इज खान' मधील नायकही असामान्य आहे; त्याचा सामान्यपणा प्रेक्षकाला पुरेसा वाटला नसता. देणगी असेल तर प्रवेश, चमत्कार असेल तर शुद्धिपत्र, हा न्याय पैठणच्या सभेपासून चित्रगृहापर्यंत अखंड चालत आलेला दिसतो. हक्काच्या कल्पनेचे नावीन्य यातच आहे की, तिला देणगीची अट नाही. ज्याला काहीच विशेष येत नाही, त्याचाही तो हक्क असतो.

३

चमत्काराखेरीज आणखी एका मार्गाने समाजाने वेगळ्या वर्तनाला जागा दिली आहे : ते दैवी मानून. महानुभाव वाङ्मयातील 'श्रीगोविंदप्रभुचरित्र' हे याचे अभिजात उदाहरण होय. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या या चरित्रात ऋद्धिपूरचे गुंडम राऊळ, म्हणजे गोविंदप्रभू, यांच्या लीळा आहेत. ते कोणाच्याही घरात शिरतात, मनास येईल तेथे जेवतात, आपल्याशीच बोलतात, शब्दांची पुनरुक्ती करतात, लहान मुलांप्रमाणे खेळतात, क्षणात रुष्ट व क्षणात प्रसन्न होतात. गावातील काही लोक त्यांना वेडे म्हणतात आणि तरीही गाव त्यांना सांभाळते. या चरित्रावरून आठशे वर्षांपूर्वीच्या एका व्यक्तीचे वैद्यकीय निदान करणे हे अभ्यासाच्या शिस्तीला धरून होणार नाही. चरित्रकाराची दृष्टी भक्ताची आहे आणि लीळांची निवडही त्याच दृष्टीने झाली आहे. परंतु गावाच्या वर्तनाविषयी हे चरित्र निश्चित पुरावा देते. ज्याचे वर्तन संकेतांत बसत नाही अशा माणसाला घरोघरी मोकळीक देण्याची क्षमता तेराव्या शतकातील वऱ्हाडातल्या एका गावात होती. तिचा आधार मात्र श्रद्धा हा होता. राऊळ ईश्वर आहेत असे मानणाऱ्यांना त्यांचे सर्व काही मान्य होते. न मानणाऱ्यांपुढे शब्द उरत होता तो 'वेडा' एवढाच. देव आणि वेडा यांच्यामध्ये 'शेजारी' अशी तिसरी जागा त्या भाषेत नव्हती.

या दृष्टीने 'दिव्यांग' या शब्दाचा विचार करावा लागतो. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी हा शब्द सुचविला आणि अल्पावधीत तो शासकीय भाषेत रुळला; महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र विभागाचे नावही दिव्यांग कल्याण विभाग असे आहे. 'अपंग' या शब्दातील उणेपणा टाळण्याचा हेतू स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु उणेपणा घालविण्यासाठी भाषेने जो मार्ग पत्करला तो ऋद्धिपूरचा आहे : न्यून नाकारता आले नाही म्हणून त्याला दिव्यत्व दिले. संसदेने जो इंग्रजी मजकूर संमत केला त्यात दिव्यत्वाचा मागमूस नाही. तेथे 'व्यक्ती' आणि 'हक्क' हे दोनच शब्द भार वाहतात. दिव्य गोष्टीला नमस्कार केला जातो. तिची फिर्याद कोणी नोंदवून घेत नाही. म्हणून हक्काच्या कायद्याच्या मराठी नावात हा शब्द येणे ही केवळ शैलीची बाब नाही.

'स्वमग्नता' या पर्यायाची अडचण वेगळ्या जातीची आहे. १९११ च्या सुमारास ब्लॉयलर यांनी मनोविकाराच्या संदर्भात घडविलेली 'ऑटिझम' ही संज्ञा लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये मुलांच्या एका विशिष्ट अवस्थेसाठी योजिली. तिच्यातील ग्रीक मूळ 'स्व' या अर्थाचे आहे, त्याचे शब्दशः रूपांतर 'स्वमग्न' या शब्दात झाले. परंतु मराठीत 'मग्न' हा शब्द रिकामा नाही. ध्यानमग्न, विचारमग्न, आनंदमग्न या शब्दांत मग्न होणारा स्वतःच्या इच्छेने बुडालेला असतो, आणि हाक मारली तर त्याने वर यावे अशी अपेक्षा असते. 'स्वमग्न' या शब्दाने मुलाच्या न बोलण्याला नकळत एक हेतू चिकटतो : तो येत नाही, कारण त्याला यावयाचे नाही. ज्या मुलाला माणसांत यावयाचे आहे परंतु आवाज, प्रकाश आणि स्पर्श यांच्या माऱ्यामुळे येता येत नाही, त्याच्याविषयी हा शब्द अन्याय करतो. शब्द आता रूढ झाला आहे व तो टाळणे शक्य नाही. येथेही तोच वापरला आहे. वापरताना त्याची ही ओढ ओळखून असावे, एवढेच.

४

आता प्रत्यक्ष कायद्याच्या पूर्वेतिहासाकडे वळावे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात दायभागास अपात्र अशा व्यक्तींची जी गणना आहे, तीत जन्मांध व बधिर यांच्या जोडीला उन्मत्त, जड आणि मूक येतात. त्यांना अंश नाही, परंतु भरण आहे. म्हणजे वाटा नाही, पण अन्नवस्त्र आहे. विज्ञानेश्वरांच्या मिताक्षरेने या वचनांना जो अर्थ दिला, तोच पुढे ब्रिटिश न्यायालयांत महाराष्ट्राच्या बहुतांश भागात हिंदू कायदा म्हणून लागू झाला. १९२८ च्या हिंदू वारसा (अपात्रता निवारण) अधिनियमाने यातील बहुतेक अपात्रता दूर केल्या. परंतु एक अपवाद राखून ठेवला : जो जन्मतः वेडा वा जडबुद्धी आहे त्याची अपात्रता कायम राहिली. हा अपवाद १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २८ व्या कलमाने गेला. रोग, दोष वा व्यंग यांच्या कारणाने कोणीही वारसाहक्कास अपात्र ठरणार नाही, असे त्या कलमाने ठरविले.

मधल्या २८ वर्षांचा अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. अंधाला, मुक्याला, पंगूला वाटा मिळाला. ज्याचे वेगळेपण जन्मापासूनचे आणि मनाशी निगडित होते, तोच मागे राहिला. सुधारणेच्या रांगेत त्याचा क्रमांक शेवटचा लागला. हाच क्रम पुढेही दिसतो. १९९५ च्या यादीत मतिमंदत्व आणि मनोरुग्णता होती, स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या अधिनियमात शासकीय सेवेत चार टक्के आरक्षण आहे : अंध व अल्पदृष्टी व्यक्तींना एक टक्का, कर्णबधिर व ऐकू कमी येणाऱ्यांना एक, हालचालींच्या विकलांगतांना एक, आणि उरलेल्या एका टक्क्यात स्वमग्नता, बौद्धिक विकलांगता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मनोरुग्णता आणि बहुविध विकलांगता हे सर्व एकत्र. वाटा आता आहे, हे १९५६ चे ऋण. परंतु तो वाटा सामाईक कोठीतला आहे आणि स्पर्धा परीक्षांच्या रचनेत त्यातील कोणाच्या हाती तो येईल, हे सांगण्यास फारशा तर्काची गरज नाही.

५

व्याख्येचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. १९९९ च्या अधिनियमाने स्वमग्नतेची व्याख्या करताना कौशल्यांचा विषम विकास, संवाद व सामाजिक क्षमतांवरील परिणाम आणि पुनरावृत्तीचे व कर्मकांडासारखे वर्तन अशी तीन अंगे सांगितली. २०१६ च्या परिशिष्टात ती अवस्था मज्जासंस्थेच्या विकासाशी निगडित आहे आणि बहुधा आयुष्याच्या पहिल्या तीन वर्षांत प्रकट होते, असे म्हटले आहे; संवाद, नात्यांचे आकलन आणि इतरांशी संबंध यांवर तिचा परिणाम होतो, आणि चाकोरीबद्ध वा असामान्य विधी व वर्तन तिच्याशी पुष्कळदा संलग्न असतात, असे पुढे सांगितले आहे. दोन्ही ठिकाणी 'विधी' हा शब्द आहे.

त्र्यंबकेश्वरात हा शब्द वाचणाऱ्याला थांबावे लागते. नारायण-नागबली, त्रिपिंडी श्राद्ध, कालसर्पशांती यांसाठी येथे देशभरातून लोक येतात. नारायण-नागबली तीन दिवस चालतो. या विधींत क्रम ठरलेला आहे, दिशा ठरलेली आहे, शब्द ठरलेले आहेत. एकच मंत्र ठराविक वेळा म्हणावयाचा असतो आणि चूक झाल्यास तिचे परिमार्जन करावे लागते. पाण्याची धार कोणत्या बोटावरून सोडावी, हेही ठरलेले असते. येथे क्रमाचा आग्रह धरणारा माणूस शास्त्रनिष्ठ म्हणविला जातो. तेच मूल घरी रोज एकाच वाटीतून, एकाच जागी बसून जेवण्याचा आग्रह धरते आणि वाटी बदलली असता व्याकूळ होते, तेव्हा त्याच्या वर्तनाला लक्षण म्हटले जाते. दोन्ही ठिकाणी पुनरावृत्तीने अस्थिर जगाला स्थैर्य दिले जाते. फरक एवढाच की, एका विधीला समाजाची संमती आहे आणि दुसऱ्याचा कर्ता एकटा आहे.

हे साम्य ताणून स्वमग्नतेला अध्यात्माचा मुलामा देण्याचा मोह टाळला पाहिजे. तसे केल्यास आपण पुन्हा ऋद्धिपूरला पोचू. त्या मुलाची व्याकुळता खरी असते आणि त्याला मदतीची गरजही खरी असते. साम्याचा उपयोग एवढाच आहे की, व्याख्येतील 'असामान्य' हे विशेषण कोणाच्या मापाने लावले आहे, हा प्रश्न त्यामुळे उघडा पडतो.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. संततीविषयक अडचणी व घरातील दीर्घ दुखणी यांचे मूळ पितृदोषात शोधणारी समजूत महाराष्ट्रात खोलवर आहे, आणि त्या दोषाच्या निवारणासाठी येणाऱ्यांचे त्र्यंबकेश्वर हे प्रमुख स्थान आहे. दुःखी कुटुंबाला विधीतून धीर मिळत असेल तर त्याचा उपहास करण्याचे कारण नाही. परंतु या समजुतीच्या चौकटीत मुलाचे स्थान काय, हे पाहिले पाहिजे. ते पूर्वजांच्या अतृप्तीचा पुरावा ठरते. दोष जन्माचा, कर्ता दुसराच, आणि शिक्षा मुलाला, ही संन्याशाच्या पोरांची स्थिती येथे पुन्हा उभी राहते. कायद्याचे ९२ वे कलम विकलांग व्यक्तीचा लोकांसमक्ष हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास सांगते. परंतु येथे अपमान करणारा कोणी नाही. सर्वजण मुलाच्या हिताचेच करीत असतात. भेदभावाचा हा प्रकार कोणत्याही कलमाच्या शब्दांत सापडत नाही, कारण त्याला हेतू नाही, केवळ अर्थ आहे.

६

प्रवेशाचा प्रश्न नाशिक जिल्ह्याला नवा नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १९५६ मध्ये मुंबई राज्याने हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानांत सर्व वर्गांना प्रवेश देणारा कायदा केला. त्याच कायद्याच्या आधारे २०१६ च्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मंदिरप्रवेश हा स्त्रियांचा हक्क असल्याचे मान्य केले, आणि त्याच महिन्यात त्र्यंबकेश्वराच्या गर्भगृहात स्त्रियांना प्रवेश मिळाला. या तिन्ही लढ्यांचे रूप एकच आहे : दार बंद आहे, ते उघडावे.

स्वमग्न व्यक्तीच्या बाबतीत दार बंद नाही. तिला कोणी अडविलेले नाही. परंतु अरुंद जाळ्यांतील लांब रांग, घंटांचा नाद, अंगाला अंग लागून चालणारी गर्दी, धुराचा व ओल्या फुलांचा वास, आणि माघारी फिरण्यास वाट नसणे, या सर्वांनी मिळून उघड्या दारातच एक भिंत उभी राहते. २०१६ च्या अधिनियमाने 'सार्वजनिक इमारत' या संज्ञेत धार्मिक उपयोगाच्या इमारतींचाही स्पष्ट समावेश केला आहे. त्याच अधिनियमाने भेदभावाच्या व्याख्येत 'वाजवी सोय नाकारणे' याचा अंतर्भाव केला आहे, आणि हे या कायद्याचे सर्वांत मोठे वैचारिक पाऊल होय. केवळ अडविणे हाच भेदभाव नव्हे. थोडा बदल करून जे शक्य झाले असते ते न करणे, हाही भेदभाव आहे. शांत वेळेची स्वतंत्र रांग, थांबण्यासाठी आडबाजूची जागा, पुढे काय घडणार आहे हे चित्रांतून आधीच सांगणारा फलक, या सोयींना मोठा खर्च नाही. परंतु 'सुगम्यता' म्हणताच मनापुढे उतरण आणि चाकांची खुर्ची येते. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतूडी प्रकरणातील निर्णयात सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीचे असणे अधिनियमाशी विसंगत ठरविले. बंधनकारक मानदंड घडविताना कानाची आणि गर्दीची सुगम्यता त्यांत येते की नाही, यावर पुढील बरेच अवलंबून राहील. २०१५ नंतरच्या, म्हणजे २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या संदर्भात हा प्रश्न केवळ तात्त्विक उरत नाही. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघाच्या भयाने आईवडिलांपासून ताटातूट झालेला निवृत्ती गहिनीनाथांच्या गुहेत पोचला, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. गर्दीत हरवलेले न बोलणारे मूल अशा गुहेत पोचतेच असे नाही; स्वतःचे नाव सांगता न येणाऱ्या मुलाची नोंद व शोध यांची व्यवस्था आधी आखावी लागते.

वाजवी सोयीच्या या उदार कल्पनेला अधिनियमाने स्वतःच एक खिडकी ठेवली आहे. तिसऱ्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमानुसार विकलांगतेच्या कारणाने भेदभाव करता येणार नाही. परंतु ती कृती वैध उद्दिष्ट साधण्याचे प्रमाणबद्ध साधन असल्याचे दाखविता आले, तर करता येईल. शाळेची शिस्त, रांगेची व्यवस्था, इतर मुलांचे हित, ही सर्व उद्दिष्टे वैधच वाटतात. भेदभाव आजवर क्वचितच अवैध उद्दिष्टाच्या नावाने झाला आहे. पैठणच्या सभेचे उद्दिष्टही धर्मरक्षण हेच होते. शिवाय उल्लंघने जेथे घडतात त्या शाळा, कचेऱ्या आणि दुकाने यांना पहिल्या उल्लंघनासाठी असलेला दहा हजार रुपयांपर्यंतचा दंड कितपत भय घालील, हाही विचार करण्याजोगा मुद्दा आहे.

७

शेवटी दाखल्याचा प्रश्न. अधिनियमातील बहुतेक लाभ चाळीस टक्के वा अधिक विकलांगता प्रमाणित झालेल्या व्यक्तींसाठी आहेत. स्वमग्नतेचे मापन भारतीय श्रेणीने होते. तीत सहा विभागांत चाळीस विधाने आहेत. प्रत्येकास एक ते पाच गुण. एकूण सत्तर गुणांपासून स्वमग्नता मानली जाते. डोळ्याला डोळा देणे टाळणे, एकटे राहणे, ऐकलेले शब्द पुन्हा उच्चारणे, बदलाला विरोध करणे, अशी ही विधाने आहेत. त्र्यंबकेश्वर तालुका आदिवासीबहुल आहे. वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत न पाहणे ही जेथे रीत असेल आणि घरातील बोली तपासनिसाच्या प्रमाणभाषेहून वेगळी असेल, तेथे गुण देणाऱ्याला विवेक फार जपावा लागतो. मापनाशिवाय लाभांचे वाटप करता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु हक्क आणि लाभ यांत फरक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ च्या विकास कुमार प्रकरणात हा फरक नेमका दाखविला : आरक्षणासाठी प्रमाणित टक्केवारी लागेल, परंतु परीक्षेत लेखनिकासारखी वाजवी सोय मिळण्यास ती अट लावता येणार नाही. वाटा दाखल्यावर अवलंबून असू शकतो. वागणूक असू शकत नाही. शुद्धिपत्राच्या परंपरेशी आधुनिक कायद्याने घेतलेली ही खरी फारकत होय.

दाखल्यापलीकडे आणखी एक चिंता आहे आणि ती पालकांची आहे : आमच्यामागे कोण? जयवंत दळवी यांच्या 'नातीगोती' या नाटकात मतिमंद मुलाच्या आईवडिलांची जी घालमेल आहे, तिचे मूळ याच प्रश्नात आहे. १९९९ च्या अधिनियमाने जिल्हाधिकारी असलेल्या स्थानिक समितीमार्फत पालक नेमण्याची सोय केली. २०१६ च्या अधिनियमाने दिशा बदलली : १३ व्या कलमाने विकलांग व्यक्तीची कायदेशीर क्षमता इतरांच्या बरोबरीने मानली आणि १४ व्या कलमाने पालकत्व मर्यादित, विशिष्ट निर्णयापुरते व त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून चालणारे ठरविले. एक कायदा व्यक्तीच्या जागी बोलणारा माणूस देतो, दुसरा तिच्या शेजारी बसणारा. दोन्ही आज अस्तित्वात आहेत आणि त्यांचा मेळ घातला गेलेला नाही. हा वाद पुस्तकी नाही. १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढण्यात आली, तेव्हा त्यांच्या वतीने निर्णय घेणारे सर्व हितचिंतकच होते. २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बौद्धिक विकलांगता असलेल्या स्त्रीचा निर्णय तिचाच मानला, त्यास मधली पंधरा वर्षे जावी लागली.

८

या विवेचनाचे तात्पर्य थोडक्यात असे सांगता येईल. मराठी समाजाने वेगळ्या माणसाला आजवर तीन प्रकारे स्वीकारले : चमत्कार दाखविल्यावर, देव मानून, किंवा अन्नवस्त्रापुरता. २०१६ च्या अधिनियमाने चौथा प्रकार आणला, आणि तो म्हणजे बिनशर्त. परंतु त्याची मराठी भाषा अद्याप पहिल्या तीन प्रकारांतच वावरत आहे. 'दिव्यांग' दैवताकडे ओढतो, 'कल्याण' अन्नवस्त्राकडे आणि 'प्रमाणपत्र' पैठणकडे. कायद्याच्या मजकुराचे मराठी रूप घडविणे हे भाषांतरकाराइतकेच भाषेच्या अभ्यासकाचेही काम आहे, आणि विद्यापीठीय विभागांनी ते अंगावर घेण्यास हरकत नसावी. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी हजारो वारकरी त्र्यंबकेश्वरी येतात. ज्याच्या मुंजीला एकेकाळी जागा नव्हती, त्याच्या समाधीपुढे त्या दिवशी उभे राहण्यास जागा मिळत नाही. त्या गर्दीच्या कडेला, कानांवर हात ठेवून उभ्या असलेल्या मुलाला तेथे उभे राहण्यासाठी काहीही सिद्ध करावे लागू नये, एवढीच या कायद्याची मागणी आहे.